मुद्रित गाणे आणि सादर झालेले गाणे : ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या रसिकवर्गाची समीक्षादृष्टी

लोकप्रिय संगीताच्या चाहत्याविषयी समीक्षाव्यवहारात फारसे आदराने बोलले गेलेले नाही. थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ मध्ये लोकप्रिय संगीतावर लिहिलेल्या निबंधात या संगीताचा साचेबंदपणा आणि त्याच्या श्रोत्याचे शिथिल अवधान यांचे नाते दाखविले. त्यानंतर पुष्कळ काळ हा श्रोता म्हणजे उद्योगाने घडविलेला ग्राहक, असेच गृहीत धरले गेले. हेन्री जेंकिन्स यांच्या १९९२ मधील ग्रंथानंतर हे चित्र पालटले. चाहता हा अर्थनिर्मितीत भाग घेणारा सक्रिय वाचक आहे, अशी मांडणी रूढ झाली. पहिल्या भूमिकेत तुच्छता आहे, तर दुसरीत कधीकधी भाबडे कौतुक. चाहता नेमके काय करतो, कशाची तुलना करतो, कोणत्या निकषावर एखादी ध्वनिमुद्रिका थोर आणि दुसरी सामान्य ठरवितो, हे प्रश्न दोन्ही भूमिकांत मागे राहतात.

प्रस्तुत लेखात अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या चाहत्यांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार केला आहे. २३ सप्टेंबर १९४९ रोजी न्यू जर्सी राज्यात जन्मलेल्या स्प्रिंगस्टीन यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये आली. 'बॉर्न टू रन' (१९७५) या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना राष्ट्रीय कीर्ती मिळाली आणि 'बॉर्न इन द यू.एस.ए.' (१९८४) हिने जागतिक. पाच दशकांहून अधिक काळ टिकलेल्या या कारकिर्दीत त्यांच्याभोवती जो रसिकवर्ग जमला, त्याने गाणी ऐकली, तशीच ती एकमेकांना सांगितली, नोंदवून ठेवली, ताडून पाहिली. या देवाणघेवाणीला समीक्षा म्हणता येईल, इतकी तिची शिस्त काटेकोर आहे. ही समीक्षा प्रेमातून जन्मते हे तिचे बळ आहे, आणि तिच्या मर्यादाही त्याच प्रेमातून येतात.

संहिता आणि प्रयोग

नाट्यसमीक्षेत संहिता आणि प्रयोग असा भेद आपण सहज करतो. रॉक संगीतात मात्र हा भेद बहुधा उलटा लावला जातो. ध्वनिमुद्रिका ही मूळ कृती आणि जाहीर कार्यक्रम ही तिची कमीअधिक बिनचूक प्रतिकृती, असे सर्वसाधारण श्रोता मानतो. गाणे मुद्रिकेतल्यासारखे वाजले की तो समाधानी होतो. स्प्रिंगस्टीन यांचा चाहता असे मानीत नाही. त्याच्या लेखी मुद्रिका ही संहिता आहे आणि गाण्याचे आयुष्य तिच्यानंतर सुरू होते.

या दृष्टीचे उत्तम उदाहरण म्हणजे 'प्रूव्ह इट ऑल नाइट' हे 'डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन' (१९७८) या ध्वनिमुद्रिकेतील गीत. मुद्रिकेत ते चार मिनिटांच्या आसपासचे, सरळ बांधणीचे गाणे आहे. १९७८ च्या दौऱ्यात मात्र त्याच्या आरंभी पियानो आणि गिटार यांची दीर्घ, हळूहळू चढत जाणारी वादनप्रस्तावना जोडली गेली. एकाच प्रियकराचे आर्जव वाटणारे हे शब्द त्या प्रस्तावनेनंतर एखाद्या निकराच्या प्रतिज्ञेसारखे ऐकू येतात. हे रूप त्या काळच्या कोणत्याही अधिकृत मुद्रिकेवर नव्हते. ते टिकले ते त्या वर्षी नभोवाणीवरून थेट प्रसारित झालेल्या पाच कार्यक्रमांमुळे आणि ती प्रसारणे घरोघरी कॅसेटवर उतरवून एकमेकांना टपालाने पाठविणाऱ्या श्रोत्यांमुळे. दौरा संपला, गायकाने ते रूप सोडून दिले. चाहत्यांनी सोडले नाही. तीन दशकांहून अधिक काळ ते या प्रस्तावनेविषयी बोलत राहिले, ज्यांनी ती ऐकली नव्हती त्यांना ती ऐकवीत राहिले. अखेर २०१२ मध्ये स्पेनमधील कार्यक्रमांत ती पुन्हा मंचावर आली. एखाद्या कलाकृतीचे विस्मृतीत गेलेले पाठांतर वाचकांनी जपावे आणि ते लेखकाला परत करावे, असे साहित्यात क्वचितच घडते.

या कॅसेटव्यवहारातील नैतिक गुंता नजरेआड करता येणार नाही. अनधिकृत ध्वनिमुद्रणांचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध स्वतः स्प्रिंगस्टीन न्यायालयात गेले होते. नफ्यासाठी विकणारा आणि प्रेमापोटी प्रत काढून देणारा यांच्यात चाहत्यांनी आपल्यापुरती स्पष्ट रेषा आखली होती, परंतु कायद्याला ती रेषा दिसत नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये पाच तबकड्यांचा अधिकृत मैफलसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या स्वागतात तक्रारीचाही सूर होता : कोणती रात्र निवडली, कोणते गाणे वगळले, कोठे काटछाट केली, हे सांगू शकणारे श्रोते मोठ्या संख्येने तयार झालेले होते. २०१४ पासून संपूर्ण कार्यक्रमांची अधिकृत ध्वनिमुद्रणे विक्रीस येऊ लागली. १९७८ च्या त्या नभोवाणी-रात्रीही त्यांत समाविष्ट झाल्या. जे ज्ञान चोरट्या कॅसेटींनी घडविले, त्यालाच पुढे अधिकृत बाजारपेठ लाभली.

भारतीय वाचकाला हा व्यवहार अपरिचित वाटू नये. तीच चीज निरनिराळ्या रात्री कशी खुलली याची चर्चा करणारा मैफलीचा श्रोता आपल्याकडे आहेच. 'फर्माईश' हा शब्दही येथे अक्षरशः लागू पडतो. सुमारे २००८ नंतरच्या दौऱ्यांत चाहते हव्या असलेल्या गाण्यांची नावे पुठ्ठ्यावर लिहून आणू लागले आणि गायक ते फलक गोळा करून त्यांतून निवड करू लागला. हा फलक साधे मागणीपत्र नसतो. दुर्मीळ गाणे मागणारा आपले ज्ञान जाहीर करीत असतो, आणि त्याच त्या लोकप्रिय गाण्याचा फलक उंचावणाऱ्याकडे जुने चाहते काहीशा नापसंतीने पाहतात. रसिकतेतही उतरंड असते, ती अशी पुठ्ठ्यावर दिसते. अर्थात ही तुलना फार ताणू नये. रागविस्तारातील स्वातंत्र्य आणि रॉक वाद्यवृंदाची ठरीव बांधणी यांच्यात मूलभूत अंतर आहे. साम्य आहे ते ऐकणाऱ्याच्या सवयीत.

अर्थाचा ताबा

वाचककेंद्री समीक्षेतील 'अर्थनिर्णायक समुदाय' ही स्टॅन्ली फिश यांची संकल्पना येथे उपयोगी पडते. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' या शीर्षकगीताचे उदाहरण बहुचर्चित आहे. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या सैनिकाची ही कैफियत. परंतु तिचे ध्रुवपद मुठी उंचावून गाता येते. सप्टेंबर १९८४ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत स्प्रिंगस्टीन यांचा गौरवाने उल्लेख केला, आणि गाणे नेमके कोणाचे हा वाद उभा राहिला. चाहत्यांना या वादाचे उत्तर देणे सोपे गेले, कारण त्यांनी आधीची 'नेब्रास्का' (१९८२) ऐकलेली होती. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने केलेल्या त्या ध्वनिमुद्रणातूनच ती उदास ध्वनिमुद्रिका तयार झाली, आणि शीर्षकगीताचे सुरुवातीचे, वाद्यवृंदाविना गायलेले रूपही त्याच काळातले. एक गाणे दुसऱ्या गाण्याच्या प्रकाशात वाचणे हीच तर समीक्षेची प्राथमिक पद्धत होय. त्या वर्षी ध्वनिमुद्रिका घेणाऱ्या लक्षावधी नव्या श्रोत्यांपाशी हा संदर्भ नव्हता. त्यांनी ऐकले ते चूक, असे म्हणून मात्र हात झटकता येत नाहीत. ढोलाचा तो आघात, तो विजयी सूर गायकानेच निवडलेला होता. निष्ठावंत चाहते ही बाब सहसा टाळतात.

समुदाय एकसंध नसतो, हे २००० मध्ये अधिक स्पष्ट झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यू यॉर्क पोलिसांनी अमादू दियालो या नि:शस्त्र स्थलांतरित तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या. त्या घटनेवरचे गीत स्प्रिंगस्टीन यांनी जून २००० मध्ये अटलांटा येथे प्रथम सादर केले. न्यू यॉर्कच्या पोलीस संघटनेने बहिष्काराचे आवाहन केले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमांत काही श्रोत्यांनी हुर्यो केली. त्यांच्या चाहत्यांची जुनी प्रथा अशी की, गायकाच्या पहिल्या नावातील स्वर लांबवून त्याला साद घालायची. दुरून ऐकणाऱ्याला ही साद हुर्योसारखीच भासते. त्या रात्रींत कोण प्रेमाने ओरडत होता आणि कोण रागाने, हे सभागृहात बसलेल्यालाही निश्चित सांगता आले नसते. गोऱ्या श्रमिकांच्या वेदनेला दाद देणारा श्रोता कृष्णवर्णीय आईच्या भीतीपाशी का थांबला, हा प्रश्न चाहत्यांना आपसांत विचारावा लागला.

चाहता होण्याची कथा

डॅनियल कॅविकी यांचा 'ट्रॅम्प्स लाइक अस' (१९९८) हा ग्रंथ या विषयावरील पायाभूत अभ्यास होय. ग्रंथकार स्वतः चाहता असल्याने त्यात प्रश्नावलीचा कोरडेपणा नाही. चाहते आपण चाहते कसे झालो हे सांगताना धर्मांतराच्या निवेदनासारखा आकृतिबंध वापरतात, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे : आधीची उदासीनता, मग एखाद्या मित्राने दिलेली ध्वनिमुद्रिका किंवा नेलेला कार्यक्रम, आणि त्यानंतर पूर्वीसारखे न उरणे. अशा कथांत गायकापेक्षा 'देणारा' महत्त्वाचा ठरतो. थोरला भाऊ, वसतिगृहातील सोबती, कधी वडील. रसिकता हस्तांतरित होते ती माणसाकडून माणसाकडे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यू जर्सीपासून फार दूरचे आहे. पाकिस्तानात जन्मून इंग्लंडमधील लूटन या औद्योगिक शहरात वाढलेले सरफराज मंझूर यांनी 'ग्रीटिंग्ज फ्रॉम बरी पार्क' (२००७) या आत्मकथनात, महाविद्यालयातील एका शीख मित्राने हातात ठेवलेल्या कॅसेटींनी आपले आयुष्य कसे बदलले हे लिहिले. गुरिंदर चढ्ढा यांनी २०१९ मध्ये त्यावर 'ब्लाइंडेड बाय द लाइट' हा चित्रपट केला. मंझूर यांचे वडील मोटारीच्या कारखान्यात काम करीत. स्प्रिंगस्टीन यांच्या वडिलांनीही कारखाना, बस, तुरुंग अशा ठिकाणी मिळेल ती नोकरी केली. पिता-पुत्रांतील अबोला हा दोघांच्या लेखनाचा समान धागा आहे. अमेरिकन महामार्गांची, मोटारींची ती सारी प्रतिमासृष्टी लूटनमधील मुस्लिम मुलाला परकी असूनही आपली वाटली. अभिनवगुप्तांनी सहृदयाचे जे लक्षण सांगितले, त्यात काव्याच्या सततच्या परिशीलनाने स्वच्छ झालेल्या मनोदर्पणाची कल्पना आहे. मंझूर यांच्या बाबतीत परिशीलन आधी झाले नाही. गाण्यानेच मनाला त्याची सवय लावली. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताला हे उदाहरण पुष्टी देते आणि थोडा प्रश्नही विचारते.

भारतात हा गायक येऊन गेला त्याचाही येथे उल्लेख हवा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने काढलेल्या जागतिक दौऱ्यात, ३० सप्टेंबर १९८८ रोजी, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये स्प्रिंगस्टीन स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू एन्दूर यांच्यासमवेत गायले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी पूर्व बर्लिनमध्ये लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर कार्यक्रम केला होता, आणि त्याची आठवण बर्लिन भिंतीच्या इतिहासात जाऊन बसली. दिल्लीच्या कार्यक्रमाभोवती तसा स्मृतिसंचय झाला नाही. एकच रात्र, पुढचा कार्यक्रम नाही, ताडून पाहण्यास दुसरी संध्याकाळ नाही. कार्यक्रम भव्य असला तरी पुनरावृत्तीवाचून रसिकपरंपरा उभी राहत नाही, असेच यावरून दिसते.

स्मरणाचे ओझे

या रसिकवर्गाच्या दोषांपैकी सर्वांत मोठा म्हणजे सुवर्णकाळाचा मोह. १९७८ हे वर्ष जणू प्रमाणग्रंथ ठरले. १९८९ मध्ये स्प्रिंगस्टीन यांनी आपला 'ई स्ट्रीट बँड' हा वाद्यवृंद बाजूला ठेवला आणि १९९२ मध्ये वेगळ्या वादकांसह दोन ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा त्यांचे स्वागत थंडे झाले. त्या फार थोर नाहीत हे मान्य केले तरी, त्यांना मिळालेल्या निकालात गाण्यांपेक्षा गैरहजर वादकांचा विचार अधिक होता. १९९९ मध्ये जुना संच पुन्हा एकत्र आला तेव्हाचा आनंद संगीतापुरता नव्हता. स्वतःच्या तारुण्याशी पुन्हा भेट होण्याचाही तो होता. २००८ मध्ये ऑर्गनवादक डॅनी फेडेरिसी आणि २०११ मध्ये सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स यांचे निधन झाले. क्लेमन्स यांची जागा त्यांच्या पुतण्याने घेतली, आणि गाण्यातील त्या ठराविक सुरावटीच्या वेळी श्रोते जुन्या वादकासाठीही टाळ्या वाजवू लागले.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी टॅम्पा येथे सुरू झालेल्या दौऱ्यात हा ताण उघड झाला. या वेळी गीतसूची सुरुवातीला जवळजवळ स्थिर होती. 'लेटर टू यू' (२०२०) मधील मृत्यूविषयक गाण्यांभोवती, विशेषतः तरुणपणीच्या पहिल्या संचातील आपण एकटेच उरलो या जाणिवेभोवती, ती नाट्यकृतीसारखी रचलेली होती. अनेक जुन्या चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. रोज नवे काही न घडणे त्यांना करारभंगासारखे वाटले. येथे चाहत्यांची समीक्षा तोकडी पडली, असे म्हणावे लागते. सत्तरी ओलांडलेला कलावंत एकच विधान रात्रीमागून रात्री त्याच क्रमाने करू इच्छितो, तेव्हा तो प्रयोगाची पुन्हा संहिता करीत असतो. वैविध्याच्या निकषावर पोसलेल्या कानांना ही गोष्ट सहज ऐकू आली नाही.

प्रेमाची किंमत

तक्रारीचे दुसरे कारण मात्र अधिक गंभीर होते. २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा काही तिकिटांचे दर मागणीप्रमाणे वाढत जाण्याची पद्धत वापरली गेली, आणि निवडक जागांचे दर चार-पाच हजार डॉलरांपर्यंत गेले. विक्रेत्या कंपनीने अशी तिकिटे बारा टक्क्यांच्या आत असून सरासरी दर सुमारे दोनशे बासष्ट डॉलर असल्याचे सांगितले. जास्तीचा पैसा काळाबाजारवाल्यांऐवजी गाणाऱ्यांना मिळावा, हा युक्तिवाद गायकाच्या बाजूने झाला. हिशेबाच्या दृष्टीने तो खोटा नाही. परंतु हेच स्प्रिंगस्टीन २००९ मध्ये, चाहत्यांना चढ्या दराच्या दुय्यम विक्रीकडे वळविले गेले म्हणून जाहीरपणे संतापले होते. श्रोत्यांची स्मृती दीर्घ होती. ती त्यांनीच घडविली होती.

या दरपद्धतीने नेमके काय बिघडविले ? पूर्वी उत्कटतेचे माप श्रमात होते. रात्रभर रांगेत उभे राहणे, काही ठिकाणी हातावर क्रमांक लिहून ठराविक वेळी हजेरी देणे, दुसऱ्याची जागा प्रामाणिकपणे राखणे. ही व्यवस्था चाहत्यांनी स्वतः उभारलेली होती आणि तिच्यात वेळ हेच चलन होते. मागणीनुसार चढणाऱ्या दरात तीच उत्कटता किमतीत रूपांतरित होते : ज्याला अधिक हवे, त्याने अधिक द्यावे. बंद पडलेल्या कारखान्यांची गाणी ऐकण्यासाठी कारखान्यातला माणूस दाराबाहेर राहील, ही विसंगती दाखवायला समीक्षकाची गरज नव्हती.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे दौरा सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, 'बॅकस्ट्रीट्स' हे चाहत्यांचे प्रकाशन बंद होत असल्याचे तिच्या संपादकांनी जाहीर केले. १९८० मध्ये चार्ल्स क्रॉस यांनी सिअॅटल येथील कार्यक्रमात मोफत वाटलेल्या छोट्या पत्रकापासून हे कार्य सुरू झाले होते. त्रेचाळीस वर्षांत गीतसूच्या, मुलाखती, कार्यक्रमांची परीक्षणे यांचा जो साठा तेथे झाला, तो अनेक विद्यापीठीय अभ्यासांचा आधार आहे. बंद करण्याचे कारण म्हणून तिकीटदरांनी आलेला भ्रमनिरास स्पष्टपणे सांगितला गेला. पूर्वीच्या उत्साहाने लिहिणे आता शक्य नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. समीक्षकाने कलावंताशी मतभेद झाला म्हणून लेखणी ठेवणे विचित्र वाटेल. पण ही समीक्षा विश्वासावर उभी होती, आणि विश्वास गेल्यावर केवळ पांडित्याच्या बळावर ती चालू ठेवणे संपादकांना अप्रामाणिक वाटले असावे. १९७४ मध्ये बॉस्टनच्या एका साप्ताहिकात स्प्रिंगस्टीन यांच्यातच रॉक संगीताचे भविष्य पाहणारे समीक्षक जॉन लँडाउ पुढे त्यांचे निर्माते आणि व्यवस्थापक झाले. एका समीक्षकाचा प्रवास व्यवसायाच्या आत गेला, दुसऱ्यांचा त्याच्या बाहेर.

याच प्रकाशनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये चाहत्यांनी आपापल्या संग्रहातील नियतकालिके, कात्रणे आणि पुस्तके एकत्र करून अॅस्बरी पार्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली होती. जागा अपुरी पडू लागल्यावर २०११ मध्ये हा संग्रह न्यू जर्सीतील मॉन्मथ विद्यापीठात हलविण्यात आला. तेथे २००५ पासून स्प्रिंगस्टीन यांच्यावरील चर्चासत्रेही भरली होती. पुढे २०१७ मध्ये स्वतः गायकाने आपल्या कागदपत्रांसाठी त्याच विद्यापीठाची निवड केली. गायकाच्या हस्तलिखितांच्या आधी तेथे पोहोचले ते श्रोत्यांनी जपलेले कागद. 'बॅकस्ट्रीट्स' थांबल्यानंतरही, ३ जुलै २०२५ रोजी मिलान येथे दौरा संपेपर्यंत, प्रत्येक रात्रीची गीतसूची चाहते लिहून घेत होते : कोणते गाणे कोठे आले, काय वगळले, आणि मागील वेळेपेक्षा ते कसे झाले.